फोनकडे लक्ष कोणाचं होतं?

लिफ्टचे मिस्त्री माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आले ते चार मजले जिना चढून, धापा टाकत. आमची लिफ्ट व्यवस्थित चालू होती. कारण विचारलं तर म्हणाले, लिफ्टमध्ये उभं राहिलं की तिचे आवाज ऐकू येतात, आवाज ऐकू आले की डोकं कामाला लागतं, आणि आज त्यांनी मुद्दाम सुट्टी काढली होती. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी खुर्ची पुसली आणि बसले. खुर्ची आधी स्वच्छ होती. पुसल्यावर तिला ग्रीसचा डाग पडला, तो अजून आहे.

मी विम्याची एजंट. गाडी, दुकान, आजारपण, मरण, जे जे म्हणून बिघडू शकतं त्याचा विमा उतरवते. वीस वर्षांत एक गोष्ट मला चांगली जमायला लागली आहे. समोरचा माणूस नेमका कशाला घाबरतो, हे मी पहिल्या पाच मिनिटांत ओळखते. या माणसाचं मात्र मला काही कळेना, कारण प्रश्न तेच विचारत होते आणि मी उत्तरं देत होते.

त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून एक घडी केलेलं फडकं काढलं, ते उलगडलं, आणि आत निघाला फोन. साधासुधा नाही. दुकानाच्या काचेत एकटाच, दिवा सोडून ठेवलेला असतो तो. माझ्या स्वतःच्या फोनच्या तिप्पट किमतीचा. नखांत काळं भरलेला, कॉलर विरलेला माणूस आणि हातात हे. नाकापेक्षा मोती जड, असं माझ्या मनात आलंच. पुढे कळलं की हा फोन घेण्यासाठी त्यांनी मोटारसायकल विकली होती आणि आता कामावर बसने जात होते. माझं मत आणखी वाईट झालं.

खरं सांगायचं तर मला त्यांना वाटेला लावायचं होतं. मोबाइलच्या विम्यात एजंटाला चहाचेही पैसे सुटत नाहीत आणि डोकेदुखी मात्र गाडीच्या विम्याएवढी. मी म्हटलं, जिथे घेतलात त्या दुकानातच विमा मिळतो, तिकडे जा. ते तिकडे जाऊन आले होते. दुकानाच्या योजनेत दोन वर्षांत फोनच्या किमतीच्या एक तृतीयांश पैसे हप्त्यातच जात होते. "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," ते म्हणाले. फोन बनवणाऱ्या कंपनीकडे विचारून झालं होतं. बँकेच्या कार्डावर फुकट मिळणारा विमाही बघून झाला होता, त्यात फक्त चोरी होती. सगळे कागद त्यांच्या पिशवीत होते आणि प्रत्येकावर पेन्सिलीने प्रश्न लिहिलेले होते.

ते प्रश्न मी वाचले आणि तिथेच फसले. मला वाटलं होतं, हप्ता किती, पैसे कधी मिळतात, असलं काही असेल. मिस्त्रींचा पहिला प्रश्न असा होता, की फोन पडला आणि सापडला नाही, तर तो फुटला म्हणायचा की हरवला? कारण फुटलेल्याला भरपाई होती, हरवलेल्याला नव्हती. दुसरा, की किती उंचीवरून पडला तर चालतो? तिसरा, की पाण्यात पडलेला चालतो असं लिहिलंय, मग वंगणाच्या तेलात पडला तर? एका कंपनीच्या मदत क्रमांकावर त्यांनी हे तिन्ही प्रश्न विचारले होते. तिसऱ्याला पलीकडच्या मुलीने फोन ठेवून दिला.

"तुम्ही असे कुठे जाता फोन घेऊन?" मी विचारलं.

ते म्हणाले, शाफ्टमध्ये. लिफ्ट ज्या उभ्या बोगद्यातून वरखाली करते तो शाफ्ट. त्यात लिफ्टच्या टपावर उभं राहून हे काम करतात, आणि तळाशी असतो खड्डा. तेवीस वर्षांत त्या खड्ड्यांतून त्यांनी काय काय काढलं याची जंत्री त्यांनी मला ऐकवली. किल्ल्या, चष्मे, एक दातांची कवळी, लग्नाची अंगठी (ती देणाऱ्याने विचारली नाही, घेणारीने विचारली), आणि एकतीस फोन. त्या एकतीसपैकी चार चालू होते. म्हणजे आपला फोन कधी ना कधी पडणार हे त्यांना ठाऊकच होतं. मी म्हटलं, मग शाफ्टमध्ये नेऊच नका की.

तेव्हा त्यांनी सांगितलं की बायकोला जन्मापासून ऐकू येत नाही आणि बोलता येत नाही. दोघं हातांनी बोलतात.

ती कपड्यांना काजं-बटणं करते, घरी बसून, शर्ट शिवणाऱ्या एका दुकानासाठी. सहा वर्षांपूर्वी मिस्त्री एका इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये पाच तास अडकले. वीज गेलेली, फोनची बॅटरी संपलेली. दुसरा कोणी असता तर घरच्यांनी दहा ठिकाणी फोन केले असते, आरडाओरडा केला असता. वहिनींना यातलं काही करता येत नव्हतं. शेजारणीला त्यांच्या खुणा कळेनात. शेवटी त्या एकट्या निघाल्या आणि मिस्त्री ज्या ज्या इमारतींत जातात त्यांतल्या तीन पायी पालथ्या घातल्या. प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दारावर हाताने थापा मारायच्या आणि दाराला तळवा लावून बघायच्या, आतून कोणी थापा मारतंय का. तिसऱ्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर, दार आतून थरथरलं.

त्या दिवसापासून घरात एक नियम झाला. टपावर चढल्यावर, खाली उतरायच्या आधी, मिस्त्रींनी वहिनींना व्हिडिओवर दिसायचं आणि सांगायचं, आता उतरतो. काम संपलं की पुन्हा दिसायचं आणि सांगायचं, वर आलो. दिवसातून पाच-सहा वेळा. अडचण अशी, की शाफ्टमध्ये अंधार. साध्या फोनच्या कॅमेऱ्यात हात म्हणजे नुसते काळे डाग दिसत. वहिनी म्हणायच्या, तुम्ही पुटपुटता. मिस्त्रींनी तीन फोन बदलले आणि तिन्हींवर त्यांचं पुटपुटणंच झालं. मग एका दुकानात, मुलाला दिवे बंद करायला लावून, त्यांनी हा फोन तपासला. अंधारातही बोटं मोजता येत होती.

मला स्वतःचीच लाज वाटली, हे कबूल करते. मोती जड नव्हता, माझं नाक वर होतं.

पुढचे चार शनिवार दुपारी तीनला मिस्त्री आणि वहिनी माझ्यासमोर येऊन बसायचे. वहिनी बारीक अंगाच्या, चष्मा दोरीला लावून गळ्यात अडकवलेला, डाव्या तर्जनीला सुई टोचून टोचून घट्टा पडलेला. त्या पॉलिसीचा कागद घेऊन पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या. माझ्या उभ्या आयुष्यात हे करणारं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं. मी स्वतःही ते कधी केलं नव्हतं. त्या एखाद्या ओळीवर बोट ठेवायच्या, हात भराभरा चालायचे, आणि मिस्त्री मला मराठीत विचारायचे.

मला मात्र कागदापेक्षा त्या हातांचं कुतूहल जास्त. दोघं भांडायची तेही माझ्यासमोर, बिनधास्त, आणि मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. एकदा मी विचारलं, वहिनी तुम्हाला अहो-जाहो करतात का हो? मिस्त्री म्हणाले, खुणांत अहो-जाहो नसतं. पंचवीस वर्षांत मला ती 'तू' म्हणते की 'तुम्ही', ते कळलेलं नाही, मी आपला 'तुम्ही' धरून चालतो. वहिनींनी हे ओठांवरून ओळखलं असावं, कारण त्या इतक्या हसल्या की चष्मा टेबलावर आपटला.

स्वस्त विम्याची वाट शेवटी वहिनींच्या शिवणयंत्रातून निघाली. नुसत्या फोनचा विमा महाग होता. पण घरातल्या सामानाचा विमा घेतला, त्यात यंत्र, इस्त्री, कपाट घातलं, तर त्याच पॉलिसीत एखादी किमती वस्तू घराबाहेरसुद्धा जोखमीत धरता येत होती. फोन त्यात बसला. चोरी वगळली, कारण मिस्त्री म्हणाले, माझा फोन चोरायला चोराला शाफ्टमध्ये उतरावं लागेल आणि तो उतरला तर मी त्याला कामावर ठेवीन. नुकसानीचा पहिला थोडा भाग आपण सोसायचा असं कबूल केलं. हप्ता दुकानाच्या योजनेच्या निम्म्याहून कमी झाला आणि वर शिवणयंत्राला फुकटात संरक्षण मिळालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

एकच शंका उरली. पॉलिसी म्हणत होती, फोन खाजगी वापरासाठीच हवा. मिस्त्रींनी विचारलं, मी कामाच्या वेळेत, कामाच्या जागी, बायकोशी बोलतो, तर तो खाजगी वापर की धंद्याचा? मी म्हटलं, राहू द्या, कोण विचारतंय. ते म्हणाले, मी विचारतोय ना. अखेर मी कंपनीला पत्र लिहिलं. अठरा दिवसांनी उत्तर आलं की पत्नीशी बोलणं हा कोणत्याही वेळी आणि कोणत्याही जागी खाजगी वापर समजला जाईल. मिस्त्रींनी त्या पत्राला प्लॅस्टिकचं आवरण चढवून घेतलं.

मग मी त्यांना माझं नेहमीचं शेवटचं पालुपद म्हणून दाखवलं. फोन फुटला तर तुकडे फेकू नका. आधी सगळे तुकडे गोळा करा, फोटो काढा, मग बाकीचं. तुकडे नसले तर कंपनी हात वर करते. हे मी प्रत्येकाला सांगते. त्यांनी ते पेन्सिलीने लिहून घेतलं.

सात महिन्यांनी फोन पडला.

इमारत अकरा मजल्यांची, एकाच शाफ्टमध्ये शेजारी शेजारी दोन लिफ्टा. मिस्त्री दहाव्या मजल्यावर एकीच्या टपावर उभे होते. भिंतीवर लिफ्टचे रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या असतात. त्यातल्या एका पट्टीवर, छातीच्या उंचीवर, त्यांनी फोन उभा केला होता. वहिनी फोनवर होत्या. हे त्यांना सांगत होते, आता उतरतो. तेवढ्यात शेजारची लिफ्ट जोरात खाली गेली, पट्टी थरथरली, आणि फोन सरकला. दहा मजले. त्यांच्या अंगावर सुरक्षेचा पट्टा होता, त्यांना ओरखडाही आला नाही. त्यांनी खड्ड्यात उतरून एकूणएक तुकडे टिपले, कॅमेऱ्याच्या काचेचा डाळीएवढा कपचासुद्धा. पिशवी माझ्या टेबलावर ठेवताना ते थोडे खूशच दिसले. सगळं मी सांगितल्याप्रमाणे झालं होतं.

अर्जात एक रकाना होता, घटनेच्या वेळी फोन नेमका कुठे होता? मिस्त्रींनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'लोखंडी पट्टीवर उभा केला होता. माझे दोन्ही हात मोकळे होते.' मी तो अर्ज न वाचता पुढे पाठवला. वाचला असता तरी मला काही खटकलं नसतं, कारण चार शनिवार मी त्यांना तसंच बोलताना बघितलं होतं.

तीन आठवड्यांनी नकार आला. पॉलिसीत एक कलम होतं, वस्तू कोणाचंही लक्ष नसताना कुठेतरी ठेवलेली असेल तर भरपाई नाही. हे कलम आम्ही तिघांनी वाचलं होतं. वहिनींनी त्याच्यापुढे बरोबरची खूणही केली होती. माझ्या डोक्यात त्याचा अर्थ बागेतल्या बाकावर विसरलेला फोन, असा होता, त्यांच्याही. फोन खाली ठेवल्याशिवाय त्या दोघांना बोलताच येत नाही, आणि ज्याने हे कलम लिहिलं त्याच्या लेखी बोलणाऱ्या माणसाच्या हातात फोन असतो, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आलं नाही. तेल, उंची, खड्डा, सगळं विचारून झालं होतं आणि हे एवढं राहिलं.

मी मिस्त्रींना सरळ सांगितलं, की असं खरं लिहिणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. नवीन अर्ज करू, लिहू की हातातून निसटला, आधीचं घाईत लिहिलं होतं. एका शब्दाचा तर फरक. ते बराच वेळ खुर्चीच्या त्या डागावरून अंगठा फिरवत राहिले.

"ताई, ती सगळे कागद वाचते," ते म्हणाले. "फोन हातात होता असं वाचलं तर तिला काय वाटेल? फोन हातात, म्हणजे मी बोलत नव्हतो. न सांगता उतरत होतो."

मी नवा अर्ज परत खणात टाकला.

तोवर घरात वेगळंच सुरू झालं होतं. जुना फोन पुन्हा काढला होता, मिस्त्री पुन्हा पुटपुटत होते, आणि वहिनींनी ठरवलं की दिसत नाही तर उतरायचं नाही. मिस्त्रींना काम सोडून चालणार नव्हतं. मग वहिनीच शर्टांचं गाठोडं घेऊन त्यांच्याबरोबर निघायला लागल्या. मी एकदा मुद्दाम बघायला गेले. सर्वांत वरच्या मजल्यावर, लिफ्टच्या उघड्या दारापासून चार हातांवर, जिन्याच्या पायरीवर त्या बसलेल्या. मांडीवर शर्ट, तोंडात दोरा, नजर दारावर. हाताने दिवसाला यंत्राच्या पाव भागही काम होत नव्हतं आणि दुकानदाराने दुसरी बाई बघायला सुरुवात केली होती. असं किती दिवस चालणार, मी मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, हा प्रश्न मी तिला विचारायला घाबरतो.

मी चिडले. कंपनीवर, कलमावर, आणि जास्त करून स्वतःवर. एवढ्या वर्षांत मी कंपनीशी कधी भांडले नव्हते, गिऱ्हाइकाची समजूत घालणं सोपं पडतं म्हणून. या वेळी मी फेरतपासणीचा अर्ज केला आणि क्लेम खात्याच्या साहेबांची वेळ घेतली.

साहेब तरुण होते, शांत होते, आणि त्यांनी फाइल खरोखर वाचलेली होती. मला वाटलं होतं तसा उर्मट माणूस असता तर भांडायला बरं गेलं असतं. ते म्हणाले, तुमच्याबद्दल मला सहानुभूती आहे, पण मला कलमाला धरून चालावं लागतं. मग त्यांनी मिस्त्रींना विचारलं, त्या क्षणी तुम्ही कुठे बघत होता? मिस्त्री म्हणाले, हिच्याकडे. साहेब म्हणाले, म्हणजे पडद्यावरच्या चित्राकडे. फोन सरकतोय हे तुम्हाला दिसलं नाही. मिस्त्री म्हणाले, नाही दिसलं. "मग," साहेबांनी पेन खाली ठेवलं, "फोनकडे लक्ष कोणाचं होतं?"

मिस्त्री खोदून खोदून विचारणारे. त्यांना दुसऱ्याच्या प्रश्नाची सवय नव्हती. वहिनींनी त्यांच्या दंडाला हात लावून विचारलं, काय म्हणतायत? त्यांनी हातांनी सांगितलं. वहिनींनी पाठ ताठ केली आणि थेट साहेबांकडे बघून उत्तर दिलं. ते अगदी छोटं होतं.

"म्हणते, माझं," मिस्त्री म्हणाले. "मी त्याच्यातूनच बघत होते."

वहिनींनी स्वतःचा फोन काढून साहेबांसमोर ठेवला. त्या दिवसाचा कॉल त्यात होता. सुरू झाला दहा वाजून एकोणचाळीस मिनिटांनी, संपला दहा बेचाळीसला. साहेबांनी ते नीट बघितलं, कागदावर टिपलं. हा पुरावा माझ्या डोक्यात आला नव्हता. मला वाटलं, जिंकलो. पण साहेबही आमच्यासारखेच चौकस निघाले. त्यांचं बोट खालच्या ओळीवर गेलं. त्या कॉलनंतरची पुढची नोंद एका अनोळखी क्रमांकावरून आलेल्या निरोपाची होती. 'मी ठीक आहे. फोन पडला.' वेळ अकरा वाजता.

"हा निरोप तुम्हीच पाठवलात?"

मिस्त्री म्हणाले, हो, वॉचमनच्या फोनवरून.

"मग मधली अठरा मिनिटं?"

मिस्त्रींनी सांगितलं की ते खड्ड्यात तुकडे गोळा करत होते, क्लेमसाठी लागतात म्हणून. माझ्याकडे बघून सांगितलं. मी खाली बघितलं.

वहिनींनी पुन्हा दंडाला हात लावला. मिस्त्रींनी प्रश्न आणि स्वतःचं उत्तर, दोन्ही हातांनी सांगितलं. या वेळी वहिनी बोलल्या ते बराच वेळ, सावकाश, आणि मिस्त्री बघत राहिले. साहेब थांबले होते. मी म्हटलं, मिस्त्री, सांगा.

"म्हणते," ते म्हणाले, "मला शेवटचं दिसलं ते यांचे दोन्ही हात पुढे झेपावताना. मग भिंत वर वर पळत गेली आणि काळोख झाला. फोन पडला की त्याच्यामागे हे पडले, ते मला कळलं नाही. अठरा मिनिटं."

साहेबांनी पेन उचललं आणि लिहिलं. फाइल माझ्याकडे वळवली, त्यात ओळ होती, 'घटनेच्या वेळी फोन वापरात होता व त्याकडे विमाधारकाच्या पत्नीचे लक्ष होते. दावा मंजूर.' त्यांनी सही केली, उठून उभे राहिले आणि वहिनींना नमस्कार केला. नवा फोन दहा दिवसांत मिळणार होता.

बाहेर बसथांब्यावर आम्ही तिघं उभे होतो. मला आनंद व्हायला हवा होता, आणि होताही. पण तुकडे आधी, बाकीचं मग, हे मी किती लोकांना सांगितलं असेल, ते आठवत होते. मी मिस्त्रींना म्हटलं, तुम्हाला हे माहीत नव्हतं? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. घरी गेल्यावर ती नेहमीसारखीच होती, ते म्हणाले, जेवायला वाढलं, तुकडे बघायला मागितले. मी विचारलंच नाही.

जगातल्या प्रत्येक गोष्टीवर पेन्सिलीने प्रश्न लिहिणाऱ्या माणसाने हा एक विचारला नव्हता. तो त्यांनी तिथे, बसथांब्यावर विचारला. हात छातीजवळ धरून, लहान लहान खुणा करत. मला आता त्यांच्या हातांची इतकी सवय झाली होती, की ते हळू आवाजात बोलताहेत हे मला दिसलं. वहिनींनी मान वळवून रस्त्याकडे बघितलं आणि मग उत्तर दिलं.

"काय म्हणाल्या?"

"मी विचारलं, अठरा मिनिटं तू काय केलंस. म्हणते, बोलत होते." मिस्त्रींनी घसा साफ केला. "फोन मशीनला टेकवून उभा होता तसाच ठेवला. पडदा काळा झाला होता. तरी त्याच्यासमोर बोलत होते."

"काय बोलत होत्या?"

हे मात्र त्यांना पुढे विचारता येईना. मीच वहिनींकडे वळले आणि तोंड नीट हलवत विचारलं, काय? त्यांनी गाठोडं बाकावर ठेवलं, दोन्ही हात मोकळे केले, तळवे आभाळाकडे वळवले आणि कमरेपासून चेहऱ्यापर्यंत वर ओढले. पुन्हा ओढले. पुन्हा. खोलातून काहीतरी वर बोलवावं तसे. त्याला दुभाषी लागत नव्हता. वर या. वर या. वर या.

बस आली आणि आम्हाला न घेता गेली. मिस्त्री बायकोच्या समोर येऊन उभे राहिले, तिला हात नीट दिसतील इतक्या अंतरावर, आणि त्यांनी एक छोटीशी खूण केली. मी काही विचारलं नाही. त्यांनीच थोड्या वेळाने सांगितलं, की ते म्हणाले होते, आलो.